अंगणांतून रंगमंचाकडे : हंगेरियन व जिप्सी लोकनृत्याची कथा

जुनें काव्य पोथींत राहतें, जुनें शिल्प दगडांत राहतें, जुन्या गाण्याचे शब्द तरी कोणी तरी उतरून ठेवतो. नृत्याचें तसें नाहीं. नाचणारा थांबला कीं नृत्य संपलें, आणि नाचणारांची एक पिढी नाचावयाची थांबली कीं तें नृत्य कायमचें गेलें. म्हणून ज्या ज्या देशांत खेडीं पालटूं लागलीं, त्या त्या देशांतील सुशिक्षितांच्या मनांत एक विचार येऊन गेला आहे : हें नृत्य मरण्यापूर्वीं उचलून रंगमंचावर नेऊन ठेवावें. विचार सद्भावनेचा खरा. परंतु अंगणांतलें रोप उपटून दिवाणखान्यांतल्या कुंडींत लावलें म्हणजे तें तेंच रोप राहतें काय, हा प्रश्न त्याच्या मागोमाग येतोच.

हा प्रश्न हंगेरीनें मोठ्या चिकाटीनें विचारला आहे. विसाव्या शतकांत त्या देशानें त्याला तीन निरनिराळीं उत्तरें दिलीं, आणि तिन्ही उत्तरांत एका माणसाच्या वांट्याला फार चमत्कारिक जागा आली. तो माणूस म्हणजे जिप्सी. हंगेरियनांच्या नाचाला व्हायोलिन त्याचें. परंतु त्याच्या स्वतःच्या नाचाला रंगमंचाचें दार उघडलें तें अगदीं शेवटीं. ती हकीकत आम्ही येथें सांगणार आहों.

प्रथम खेड्यांतला नाच कसा असतो तें पाहूं. आज रुमानियाच्या राज्यांत असलेल्या ट्रान्सिल्व्हानियामध्यें कालोतासेग नांवाचा हंगेरियन खेड्यांचा मुलूख आहे. तेथील 'लेगेन्येश', म्हणजे जवानांचें नृत्य, प्रसिद्ध आहे. हें एकट्यानें नाचावयाचें. जवान पुढें येतो आणि जमलेल्या मंडळींकडे नव्हे, तर वादकांकडे तोंड करून उभा राहतो. मग टांचांचा ठेका, उड्या, पोटऱ्यांवर व मांड्यांवर मारलेले तळहाताचे फटके, यांची तो लहान लहान कडवीं बांधीत जातो. कडव्याचा शेवट ठराविक असतो. मधला भाग ज्यानें त्यानें तत्क्षणीं जुळवावयाचा. आपल्या गवयाला समेवर येणें चुकवितां येत नाहीं, पण तेथपर्यंतची वाट त्याची स्वतःची असते, त्यांतलाच हा प्रकार होय. त्यामुळें दोघां जवानांचा लेगेन्येश एकसारखा नसतो, आणि एकाच जवानाचाही दोन दिवशीं तोच नसतो.

त्याच प्रांतांतील सेक या गांवची साथ पाहावी. वाद्यें तीनच : व्हायोलिन, कोंत्रा आणि मोठा खर्जाचा बास. कोंत्रा म्हणजे तीन तारांचा व्हायोला. त्याची घोडी सपाट असते, त्यामुळें गज फिरतांच तिन्ही तारा एकदम बोलतात आणि स्वरांबरोबरच तालाचा धक्काही बसतो. हे वादक बहुतेक सर्व ठिकाणीं जिप्सी असत. मुख्य व्हायोलिनवाल्यास 'प्रीमाश' म्हणतात. त्याची दृष्टि स्वतःच्या बोटांवर नसून नाचणाराच्या पायांवर असते. पाय जड पडूं लागले तर तो लय सांवरतो, पायांत चेव आला तर तो ती वाढवितो. एका जोडीचा नाच संथ चालीपासून द्रुत चालीपर्यंत चढत जाऊन कधीं कधीं तासभर चाले. येथें नाचणारा, वाजविणारा आणि आपली पाळी येण्याची वाट पाहणारा असे तीनच वर्ग होते. तिकीट काढून आलेला चौथा वर्ग नव्हता.

या अंगणांतील नाचाला बाहेर नेण्याचा पहिला उद्योग कलावंतांनीं नव्हे, फौजेनें केला. अठराव्या शतकांत ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग बादशहांस हंगेरियन जवान हवे असत. त्यांच्या भरतीसाठीं घोडदळांतील शिपायांची एक तुकडी जिप्सी वादक बरोबर घेऊन गांवांत येई. नाईक मध्यें उभा राहून गंभीर, डौलदार पावलें टाकी. शिपाई त्याच्याभोंवतीं रिंगण धरीत. टांचेवर टांच आपटतांच घोडेस्वारीच्या काट्यांचा खणखणाट होई. हळूहळू लय चढे, दारूचे पेले फिरत, आणि गांवांतल्या पोरांचे पाय आपोआप रिंगणाकडे वळत. ज्यानें त्या भरांत शिपायाची टोपी डोक्यावर घेतली, तो फौजेचा झाला! भरतीस जर्मन भाषेंत 'वेर्बुंग' म्हणतात. त्यावरून या नृत्याचें नांव 'वेर्बुंकोश' पडलें. पुढें सक्तीची लष्करभरती सुरू झाल्यावर नाचून माणसें मिळविण्याचें प्रयोजन उरलें नाहीं. परंतु नृत्य व त्याचें संगीत मागें राहिलें. या संगीताचा सर्वांत नांवाजलेला वादक यानोश बिहारी (१७६४–१८२७) हा जिप्सी होता. त्याच्या नांवाचा आपल्या बिहार प्रांताशीं संबंध नाहीं. हंगेरीच्या पूर्वेसही बिहार नांवाचा एक परगणा होता. बिहारीला स्वरलेखन येत नव्हतें. त्याच्या चाली दुसऱ्यांनीं ऐकून उतरून घेतल्या. बालवयांतल्या फ्रान्झ लिस्टनें त्याला व्हिएन्नामध्यें ऐकलें, आणि तो संस्कार त्याच्या मनावरून पुढें कधीं पुसला गेला नाहीं.

दुसरी हालचाल दिवाणखान्यांत झाली. १८३० ते १८५० या काळांत हंगेरींत राष्ट्रीय भावना जागी होत होती. तोंपर्यंत उमराव मंडळी जर्मन बोलत आणि मेजवान्यांत वॉल्ट्झ नाचत. आतां त्यांना स्वतःचें कांहीं तरी हवें झालें. तें त्यांना 'चारदाश' या जोडीनाचांत सांपडलें. 'चारदा' म्हणजे वाटेवरची खाणावळ. तिच्या नांवावरून हें नांव आलें. प्रथम संथ, मग द्रुत, अशी त्याची दोन अंगें. वॉल्ट्झ टाळून चारदाश नाचणें म्हणजे न बोलतां राजकीय मत देणें होय, असें त्या दिवसांत झालें. १८४२ मध्यें एक नृत्यशिक्षक आणि मार्क रोझावोल्गी हा संगीतकार यांनीं मिळून क्रमवार आकृत्यांचें एक बांधीव हंगेरियन नृत्यही मेजवान्यांसाठीं रचलें. सभ्य मंडळींस तें सोयीचें पडलें. कारण ज्याला नाच येत नाहीं त्यालाही तो पाठ करतां येतो. लोकनृत्य वरच्या मजल्यावर जातांना पहिल्या पायरीवरच आपलें स्वातंत्र्य कसें खालीं ठेवतें, याचें हें लहानसें उदाहरण आहे.

आतां या जिप्सी वादकाची ओळख करून दिली पाहिजे. ती आपल्याला वाटते तितकी परकी नाहीं. 'जिप्सी' हें नांव दुसऱ्यांनीं दिलेलें. हे लोक इजिप्तमधून आले, या गैरसमजांतून तें निघालें. ते स्वतःस 'रोम' म्हणवितात, आणि भाषापंडित हा शब्द संस्कृतांतील 'डोम्ब' शब्दाशीं जोडतात. आपल्याकडे दोरावर कसरत करणारा डोंबारी ज्या शब्दांत आहे तोच हा. एक हजार वर्षांपूर्वींच्या सुमारास यांचे पूर्वज हिंदुस्थान सोडून पश्चिमेकडे गेले. त्यांच्या भाषेंत पाण्याला 'पानी', काळ्याला 'कालो', माणसाला 'मानुश' म्हणतात. आंकडे मोजतांना 'दुय', 'त्रिन', 'पान्ज' असें म्हणत ते 'देश'पर्यंत, म्हणजे दहापर्यंत, येतात. मध्यें सात, आठ आणि नऊ हे आंकडे मात्र ग्रीक आहेत. म्हणजे वाटेंत ग्रीक मुलखांत त्यांचा मुक्काम किती लांबला तें या तीन आंकड्यांत लिहून राहिलें आहे. या नात्याच्या शोधाची एक गोष्टही हंगेरीशींच निगडित आहे. इश्तवान वायी नांवाच्या हंगेरियन विद्यार्थ्यास हॉलंडांतील लायडन येथें 'मलबारी' म्हटले जाणारे कांहीं विद्यार्थी भेटले; त्यानें त्यांच्या भाषेंतील शब्द लिहून आणले, आणि ते मायदेशीं जिप्सींना वाचून दाखवितां त्यांना अर्थ कळला, अशी हकीकत १७७६ मध्यें व्हिएन्नाच्या एका पत्रांत छापून आली.

या भाषेंतील एका शब्दानें आमचें लक्ष विशेष वेधून घेतलें. तो 'खेलेल' हा होय. त्याचा अर्थ 'खेळतो' असाही होतो आणि 'नाचतो' असाही होतो. मराठी वाचकास याचें नवल वाटूं नये. आपल्या बायका फुगडी 'नाचत' नाहींत, फुगडी खेळतात. झिम्मा खेळतात, टिपऱ्या खेळतात. आपले तरुण लेझीम खेळतात. या सर्वांच्या पोटीं एकच समजूत आहे कीं, हें आपण आपल्यासाठीं करतों, कोणास दाखविण्यासाठीं करीत नाहीं. खेळलेलें नृत्य आणि दाखविलेलें नृत्य, हा भेद मनांत ठेवला म्हणजे पुढील सर्व कथा नीट उमगेल.

हंगेरींत या लोकांची स्थिति मोठी विलक्षण होती. मारिया थेरेसा राणीनें १७५८ पासून पुढें फर्मानांमागून फर्मानें काढून त्यांचें भटकणें बंद केलें, त्यांची भाषा व त्यांचें नांवही मना केलें आणि त्यांचीं मुलें दुसऱ्यांच्या घरीं वाढविण्याचा प्रयत्न केला. त्यांस 'नवे हंगेरियन' म्हणावें असा हुकूम झाला. परंतु लग्नकार्यांत जिप्सी वादकावांचून कोणाचें चालत नव्हतें. १८९३ च्या खानेसुमारींत हंगेरीच्या राज्यांत पावणेतीन लाखांच्या आसपास जिप्सी मोजले गेले; त्यांतील बहुतेक कायमचे वस्ती करून राहिलेले होते. त्यांच्यांत मुख्य तीन वर्ग मानतात : हंगेरियन बोलणारे, ज्यांच्यांत वादकांचीं घराणीं होतीं, रोमानी बोलणारे 'ओलाह' जिप्सी, जे घोड्यांचा व्यापार आणि धातुकाम करीत, आणि जुनी रुमानियन बोलणारे 'बेयाश', जे लांकडाच्या काठवटी व चमचे कोरीत. शहरांतल्या लोकांना यांपैकीं केवळ पहिला वर्ग ठाऊक होता, तोही जेवणाच्या टेबलाशीं उभा राहून व्हायोलिन वाजविणारा.

या अर्धवट ओळखींतून मोठा वाद उपजला. १८५९ मध्यें लिस्टनें फ्रेंच भाषेंत एक ग्रंथ लिहून असें प्रतिपादिलें कीं, हंगेरीचें म्हणून जें संगीत गाजतें तें मूळचें जिप्सींचें होय. हंगेरियन लोक संतापले. त्याला पुराव्यासह उत्तर मिळण्यास सत्तर वर्षें लागलीं. बेला बार्तोक आणि झोल्तान कोदाय हे दोघे तरुण संगीतकार १९०५ पासून खेडोपाडीं हिंडूं लागले होते. मेणाच्या नळ्यांवर गाणीं उतरून घेणारें ध्वनियंत्र त्यांच्याबरोबर असे. त्यांना आढळलें कीं, शहरांत जें 'जिप्सी संगीत' म्हणून खपतें तें बहुतांशीं अलीकडील हंगेरियन रचनाकारांचें असून जिप्सी तें वाजवितात एवढेंच. शेतकऱ्यांचीं खरीं जुनीं गाणीं याहून वेगळीं आहेत. आणि खेड्यांतील जिप्सींचीं त्यांच्या स्वतःच्या भाषेंतील गाणीं तर आणखी तिसरींच आहेत. बार्तोकनें १९३१ मध्यें हा निर्णय व्याख्यानरूपानें स्पष्ट मांडला. म्हणजे लिस्टनें जिप्सीला जें त्याचें नव्हतें तें दिलें, आणि जें त्याचें होतें तें कोणी पाहिलेंच नव्हतें! रंगभूमीचीही तीच गत. योहान स्ट्राउसच्या १८८५ च्या 'जिप्सी बॅरन' या संगीतिकेपासून पुढें कित्येक नाटकांत जिप्सी नाचले, पण ते व्हिएन्नाच्या शिंप्यानें शिवलेल्या कपड्यांतले जिप्सी होते.

ज्या वर्षीं बार्तोकनें हें व्याख्यान दिलें त्याच वर्षीं, १९३१ च्या ऑगस्टांत, बुडापेस्टच्या रंगमंचावर खरे शेतकरी प्रथमच आपले नाच घेऊन उभे राहिले. या उपक्रमाचा जनक बेला पाउलिनी. कोदायच्या 'हारी यानोश' (१९२६) या लोकसंगीतावर उभारलेल्या संगीतिकेच्या लेखकांपैकीं तो एक. उपक्रमाचें नांव 'ज्योंज्योश-बोक्रेता', म्हणजे मोत्यांचा तुरा. नियम असा कीं, प्रत्येक गांवानें आपलाच नाच, आपल्याच पोशाखांत करावा. सेंट स्टीफनच्या सणाला, म्हणजे २० ऑगस्टच्या सुमारास, दरवर्षीं निरनिराळ्या गांवांचीं पथकें राजधानींत येत. १९४४ पर्यंत शंभराच्या आसपास गांवें यांत सामील झालीं.

या उत्साहाचें कारण नुसतें कलाप्रेम नव्हतें. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या त्रियानोंच्या तहानें हंगेरीचा दोनतृतीयांश मुलूख गेला होता. जखमी राष्ट्राला आपण अजून आहोंत असें स्वतःस आणि परदेशीं पाहुण्यांस दाखवावयाचें होतें. 'दाखवावयाचें' हाच येथें महत्त्वाचा शब्द. तासभर चालणारा नाच कांहीं मिनिटांत बसविला जाऊं लागला. सणासुदीचा पोशाख प्रवाशांसाठीं अंगावर चढूं लागला. वादकांकडे असणारें नाचणाराचें तोंड अंधारांतल्या खुर्च्यांकडे वळलें. अभ्यासकांनीं यावर टीका केली ती रास्तच होती. तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या नाचाची तरुणांना लाज वाटूं लागली होती, त्याच्यासाठीं राजधानी टाळ्या वाजविते, हें पाहून कित्येक गांवांनीं तो टाकला नाहीं. आणि पुढें संशोधक त्या गांवांत गेले तेव्हां तो जाणणारे पाय तेथें शिल्लक होते.

१९४४ हें वर्ष मात्र सर्वांवरच काळ होऊन आलें. मार्चमध्यें जर्मन फौजांनीं हंगेरी व्यापिली. शरद्ऋतूंत सत्ता अॅरो क्रॉस या फॅसिस्ट पक्षाकडे गेली, आणि ज्यूंप्रमाणेंच जिप्सींच्याही वस्त्यांवर धाड आली. कोमारोमच्या ताराकृति किल्ल्यांत कुटुंबेंच्या कुटुंबें कोंडलीं गेलीं, आणि तेथून पुष्कळांची रवानगी जर्मन छळछावण्यांत झाली. ज्यांच्या व्हायोलिनावर वर तीन वर्ग एकत्र नाचत होते, त्यांतलेच हे लोक होते. मोत्यांचा तुरा त्याच वर्षीं विस्कटला.

युद्धानंतर दुसरें उत्तर आलें तें सरकारी होतें. नव्या साम्यवादी राजवटीस रशियाचें उदाहरण समोर होतें. मॉस्कोंत इगोर मोइसेयेवनें १९३७ मध्येंच व्यावसायिक लोकनृत्य-पथक उभारलें होतें. त्या धर्तीवर १९५० मध्यें हंगेरीचा सरकारी लोककला-संघ स्थापन झाला. वादक, गायक आणि नर्तक असे त्याचे तीन विभाग. नृत्याचा प्रमुख मिक्लोश राबाई (१९२१–१९७४) हा पेशानें शिक्षक होता. खेड्यांतला नाच जसाच्या तसा उचलून रंगमंचावर ठेवला तर तो दोन मिनिटांत कंटाळवाणा होतो, हें त्यानें ओळखलें. कारण अंगणांत ज्याला रंग चढतो तो स्वतः नाचल्यामुळें चढतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाला दुसरें कांहीं तरी दिलें पाहिजे. राबाईनें त्याला कथा दिली. १९५१ मध्यें पुढें आलेली त्याची 'एचेरचें लग्न' ही रचना पाहिली म्हणजे हें कळतें. बुडापेस्टजवळच्या एचेर गांवांतील लग्नाचे विधि, थट्टामस्करी आणि नाच यांची गुंफण करून त्यानें आरंभ, मध्य आणि कळस असलेलें एक नाट्य उभें केलें. डोक्यावर बाटली तोलून नाचणाऱ्या बायकांचें त्यानें बसविलेलें नृत्यही असेंच लोकप्रिय झालें. कोदायनें या संघासाठीं 'कालोचें जोडनृत्य' लिहिलें. संघ देशोदेशीं गेला आणि सर्वत्र गाजला.

आमच्या मतें राबाईचा दोष काढणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. तो खेडें दाखविण्याचा बहाणा करीत नव्हता. तो खेड्याच्या मालमसाल्यांतून नाट्यगृहासाठीं नवी वस्तु घडवीत होता. खरी अडचण त्याच्या अनुकरणांत झाली. गांवोगांव, कारखान्याकारखान्यांत नृत्यपथकें निघालीं, आणि एका हुकमांत वीस पाय उचलले जाणें म्हणजेच लोकनृत्य, अशी समजूत रुळली. लेगेन्येश नाचणाराचें तत्क्षणीं जुळविणें त्यांत कोठेंच उरलें नाहीं. जिप्सीच्या बाबतींत तर चित्र तसेंच राहिलें. १९५२ मध्यें 'रायको' नांवाचें जिप्सी मुलांचें वाद्यवृंद-पथक निघालें व त्यानें कीर्ति मिळविली. पण जग त्याला ओळखीत होतें तें पुन्हां व्हायोलिनवाला म्हणूनच.

या सुमारास रंगमंचाच्या मागें, दिव्यांच्या झोतापासून दूर, एक काम चाललें होतें, आणि सर्व कथेचें बिजागर तेंच आहे. ज्योर्ज मार्तिन (१९३२–१९८३) आणि त्याचे सहकारी फेरेंत्स व एर्न्यो पेशोवार हे चित्रफितीचा कॅमेरा घेऊन खेड्यांत हिंडत होते. फितींवरून ते एकेक पाऊल लाबानच्या नृत्यलिपींत उतरून घेत. ही लिपि १९२८ मध्यें प्रसिद्ध करणारा रुडोल्फ लाबान हाही जुन्या हंगेरीच्या राज्यांतल्या पोझोनी शहरांत जन्मलेला. तिनें या नृत्याला पोथी मिळाली. मार्तिनचें लक्ष 'गांवाच्या नाचा'पुरतें मर्यादित नव्हतें; तो एकेका माणसाचा नाच अभ्यासी. कालोतासेगमधील इश्तवान मात्याश या एकट्या नर्तकावरचा त्याचा प्रचंड ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर २००४ मध्यें बाहेर पडला. मोठ्या कवीवर लिहावा तसा ग्रंथ एका शेतकऱ्याच्या पायांवर लिहिला गेला, ही गोष्ट लहान नव्हे.

याच हिंडण्यांत त्यांना ईशान्य हंगेरींतील सात्मार भागांत जिप्सींचें 'बोतोलो', म्हणजे काठीनृत्य, नीट पाहावयास मिळालें. त्यांत दोन पुरुष काठ्या घेऊन एकमेकांसमोर येतात. किंवा पुरुषाच्या हातीं काठी असते आणि स्त्री रिकाम्या हातांनीं त्याच्यापुढें नाचते. काठी तिच्या डोक्याभोंवतीं, खांद्यांजवळून, पायांखालून सणसणत फिरते. ती हलक्या पावलांनीं प्रत्येक वार चुकविते, आणि काठी तिला कोठेंही लागत नाहीं. साथीला व्हायोलिनही नसे. ओलाह जिप्सींच्या घरच्या नाचाला तोंडानें काढलेला खर्ज, दुधाच्या किटलीवर बोटांचा ठेका आणि चमच्यांचा खुळखुळाट एवढेंच पुरे होई.

आतां गंमत अशी कीं, सोळाव्या-सतराव्या शतकांत हंगेरियनांच्या ज्या नाचाची युरोपभर ख्याति होती तो शस्त्रनाचच होता. कवि बालिंत बालाशी यानें १५७२ मध्यें पोझोनी येथें राज्यारोहणाच्या समारंभांत मेंढपाळांचा नाच करून दरबार थक्क केला होता. आणि एडवर्ड ब्राउन या इंग्रज वैद्यानें १६७३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांत नागव्या तरवारी परजीत नाचणाऱ्या हंगेरियन 'हाय्दू' शिपायांचें वर्णन केलें आहे. दिवाणखान्यांतून आणि बहुतेक खेड्यांतून हा थर नाहींसा झाला. मेंढपाळ व डुकरें राखणारे गुराखी यांच्यांत त्याचे अवशेष उरले, आणि त्याचें अत्यंत जिवंत रूप जिप्सींच्या काठींत टिकलें, असें मार्तिननें दाखवून दिलें. ज्याला राष्ट्रानें नुसता वादक मानलें तोच राष्ट्राच्या जुन्यांत जुन्या नाचाचा कोठावळा निघाला!

तिसरें उत्तर या संशोधनांतून निघालें, आणि तें रंगमंचाच्या पायऱ्या उतरून खालीं आलें. ६ मे १९७२ रोजीं बुडापेस्टमधील लिस्ट चौकांतल्या एका सभागृहांत चार हौशी नृत्यपथकांतील तरुण जमले. त्यांना कोणास कांहीं दाखवावयाचें नव्हतें. सेक गांवांत तरुण मंडळी भाड्यानें एक घर घेऊन, जिप्सी वादक सांगून रविवारीं नाचत. त्या घराला 'तान्त्सहाज', म्हणजे नाचघर, म्हणतात. त्याचाच कित्ता त्यांनीं गिरविला. फेरेंत्स शेब्यो आणि बेला हालमोश हे दोघे वाजवीत होते. हालमोश सेकच्या इश्तवान आदाम या वृद्ध प्रीमाशापाशीं बसून वाजवावयास शिकला होता. आरंभीं हें पथकांपुरतेंच होतें. पण शान्दोर तीमार या नृत्यशिक्षकानें दार सर्वांना उघडलें. त्याचा विचार साधा होता : लोकनृत्य ही मातृभाषेसारखी वस्तु आहे, वाक्यें पाठ करून ती येत नाहीं, शब्द शिकून ज्यानें त्यानें आपलें वाक्य बोललें पाहिजे. मार्तिनच्या फितींनीं हे 'शब्द' पुरविले. तीमार १९८१ मध्यें सरकारी संघाचा प्रमुख झाला, आणि व्यावसायिक रंगमंचावरही नर्तकास आपलें पाऊल आपण जुळविण्याची मुभा मिळूं लागली. नाचघराच्या या शिक्षणपद्धतीस २०११ मध्यें युनेस्कोनें वारसा-रक्षणाचा नमुना म्हणून मान्यता दिली.

यानंतर बुडापेस्टचे तरुण झुंडीनें ट्रान्सिल्व्हानियाकडे जाऊं लागले. चाउशेस्कूच्या राजवटीनें १९७४ मध्यें परदेशीयांना खासगी घरीं उतरून घेण्यास बंदी केली, तरी ते जात. खेड्यांतील लग्नांत तेव्हां विजेचीं वाद्यें शिरूं लागलीं होतीं आणि जुने जिप्सी वादक रिकामे बसत होते. या पाहुण्यांमुळें त्यांच्या विद्येला पुन्हां विचारणारें कोणी तरी भेटलें. १९९७ पासून 'अखेरची घटका' या नांवाच्या उपक्रमांत अशीं कित्येक गांवचीं पथकें बुडापेस्टला बोलावून त्यांचा सगळा साठा ध्वनिमुद्रित करण्यांत आला. नांवांतच त्याची निकड आहे.

आणि जिप्सीचा स्वतःचा नाच? १९६१ मध्यें सत्ताधारी पक्षानें ठराव केला होता कीं, जिप्सी हा राष्ट्रीय अल्पसंख्य समाज नव्हे, तो केवळ एक सामाजिक प्रश्न आहे. ज्याला संस्कृतिच नाहीं असें सरकार म्हणतें, त्याला रंगमंच कोण देणार? नाचघराच्या चळवळीनें ही कोंडी थोडी फोडली. हंगेरियन शेतकऱ्याचा घरगुती नाच जर मोलाचा, तर जिप्सीचा घरगुती नाच कां नव्हे, हा प्रश्न जिप्सी तरुणांनीं आपण होऊन विचारला. १९७८ मध्यें बुडापेस्टांत त्यांनीं 'काल्यी याग' नांवाचें पथक काढलें. मराठी वाचकास या नांवाचें भाषांतर नको : 'याग' म्हणजे यज्ञ नव्हे, आपली आग, 'काळी आग'. या पथकाच्या हातीं हॉटेलांतलें व्हायोलिन नव्हतें. किटली, चमचे, गिटार आणि रोमानी भाषेंतील घरचीं गाणीं होतीं. इकडे जुनी वादक-परंपराही आपला मान मागत होती. १९८४ मध्यें शान्दोर यारोका या प्रीमाशाच्या अंत्ययात्रेस जमलेल्या जिप्सी वादकांनीं एकत्र वाद्यें धरलीं, आणि त्यांतून पुढच्या वर्षीं शंभर जणांचा जिप्सी वाद्यवृंद उभा राहिला. कायद्यानें मात्र १९९३ मध्यें जिप्सी समाजास अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. रंगमंच येथें कायद्याच्या पंधरा वर्षें पुढें होता.

तीन उत्तरें आम्ही सांगितलीं. पाउलिनीनें खेडूत माणूसच रंगमंचावर आणला. राबाईनें खेड्याच्या नाचाचें नाट्य केलें. तीमार व त्याच्या सोबत्यांनीं प्रेक्षकालाच खुर्चींतून उठविलें. यांतलें एकच खरें आणि बाकीचीं खोटीं, असें आम्ही म्हणणार नाहीं. मोत्यांचा तुरा नसता तर कित्येक नाच कॅमेरा पोंचण्यापूर्वींच गेले असते. सरकारी संघ नसता तर तरुणांच्या चार हौशी पथकांना नाच शिकण्याची गोडीच लागली नसती. पण एवढें मात्र या इतिहासावरून दिसतें कीं, रंगमंचावर नेलेलें नृत्य तेव्हांच तगतें, जेव्हां रंगमंचाबाहेर तें कोठें तरी खेळलें जात असतें. तो खेळ बंद पडला कीं मागें उरते ती कवाईत.

आणि दुसरी गोष्ट न्यायाची. कोणताही समाज 'आमचें नृत्य' म्हणून अभिमानानें जें पुढें करतो, तें कोणी जतन केलें याचा शोध घेतला म्हणजे बहुधा अशा माणसाच्या दारांत जाऊन उभें राहावें लागतें, ज्याला त्या समाजानें आपल्या पंक्तीस कधीं बसविलेलें नसतें. हंगेरीला तें दार सांपडावयास फार उशीर लागला. आपल्याकडील डोंबाऱ्याच्या ढोलकींत, त्याच्या पोरांच्या पायांत काय काय साठलेलें होतें, हें आपण कधीं लिहून ठेवलें आहे काय, असा प्रश्न ही कथा वाचून मनांत आला तर तो परदेशचा प्रश्न समजूं नये.